मोटर टोल्यांना, चावी चालीला

जुन्या मनोऱ्यावरचे घड्याळ बंद पडले, की त्यावरचा वाद ठरलेल्या वळणाने जातो. एक बाजू म्हणते, दर आठवड्याला माणूस वर चढवून चावी देण्याचे दिवस गेले, मोटर लावा आणि मोकळे व्हा. दुसरी म्हणते, वारशाला हात लावू नका, चावी थांबली की घड्याळाचा जीव गेला. सीमाभागात त्यात आणखी एक भर पडते. मनोऱ्यावरच्या फलकाची भाषा कोणती, यावर तावातावाने बोलले जाते. पण आत लोंबणाऱ्या दोन क्विंटल वजनाची तारेची दोरी शेवटची कधी तपासली, हे कोणी विचारत नाही. शिवाय या सगळ्या बोलण्यात तीन अगदी वेगळी कामे मोटरीच्या एकाच नावाखाली ढकलली जातात, आणि निर्णय तिथेच चुकतो.

पहिले काम असे की मूळ यंत्र, लंबक, चाके, हातोडा सारे जागच्या जागी राहते आणि वजन वर उचलण्यापुरती मोटर येते. दुसरे काम म्हणजे लंबकाला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने हलकेच मागे-पुढे करून वेळ सेकंदावर आणणे. तिसऱ्यात मूळ यंत्र सोडवून बाजूला ठेवतात, प्रत्येक डायलमागे एक छोटी मोटर लावतात आणि खाली एक नियंत्रक पेटी बसवतात. या तिसऱ्या कामाला स्वयंचलित चावी म्हणणे ही सरळ दिशाभूल आहे. त्यात घड्याळ निकालात निघते आणि मनोऱ्याला फक्त काटे उरतात. कंत्राटदाराला तेच सोयीचे असते: चार डायल, चार मोटरी, दोन दिवसांचे काम, आणि पितळ-बिडाचे जुने धूड कोपऱ्यात. कोपऱ्यातून ते भंगारात जायला फार वर्षे लागत नाहीत.

माझे म्हणणे असे: जुन्या मनोरा-घड्याळांना स्वयंचलित चावी, म्हणजे वरचे पहिले काम, बसवावी. ती आधी टोल्यांच्या बाजूला बसवावी. वेळ चालवणाऱ्या, म्हणजे चालीच्या, बाजूची चावी, जिथे चढणारा माणूस आहे तिथे, हातानेच राहू द्यावी. आणि मूळ यंत्राला एकही नवे भोक न पाडता हे ज्या कारागिराला करता येत नसेल, त्याच्याकडून ते काम करून घेऊ नये.

आधी आकडे पाहू, कारण भावनेइतकीच त्यांचीही या वादात उपेक्षा होते. मध्यम आकाराच्या आठ दिवसांच्या घड्याळात चालीच्या बाजूला १०० किलोचे वजन असून ते १० मीटर खाली येते असे धरा. आठ दिवसांत त्यातून मिळणारी ऊर्जा सुमारे ९,८०० ज्यूल. म्हणजे चार डायलचे काटे फिरवणारे ते यंत्र सरासरी एका वॅटच्या सत्तराव्या भागावर चालते. टोल्यांच्या बाजूला २०० किलो आणि १२ मीटर धरले, तर २३,५०० ज्यूल. दोन्ही बाजू मिळून वर्षभराचे काम अर्ध्या युनिट विजेइतकेही भरत नाही. मोटर आणि गिअरमध्ये नव्वद टक्के वाया गेले, तरी वर्षाला पाच युनिट. तेव्हा विजेचा खर्च परवडत नाही म्हणणारे चुकतात. आणि माणसाचा पगार वाचतो म्हणून मोटर लावा म्हणणारेही चुकतात, कारण चावी देणे हा त्या माणसाच्या कामाचा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे.

मोटरीच्या विरोधातला खरा जोरदार मुद्दा हाच आहे, आणि तो मान्य करायलाच हवा. चावी द्यायला चढणारा माणूस नुसता दांडा फिरवत नाही. तो दोरीवरून फडके फिरवतो, आणि तुटलेल्या तारेचे टोक फडक्यात अडकले की त्याला कळते. लंबकाचा आवाज लंगडा झाला, एक ठोका लांब आणि एक आखूड पडू लागला, की त्याचे कान टवकारतात. जाळी फाटून पारवे आत आले, डायलच्या काचेच्या सांध्यातून पावसाचे पाणी झिरपले, हातोड्याची स्प्रिंग सैल पडली, हे सारे त्याला दिसते. मोटर बसली की त्याला वर जायचे कारणच उरत नाही. पहिले वर्ष सगळे छान चालते. नंतर तेल वाळून डिंकासारखे चिकट होते, त्यात धूळ आणि पारव्यांची पिसे बसतात, बुश झिजतात, आणि मोटर मात्र इमानेइतबारे वजन उचलत राहते. हाताने चावी दिलेले दुर्लक्षित घड्याळ आठ दिवसांत थांबते आणि फार झिजत नाही. मोटरीचे दुर्लक्षित घड्याळ झिजत झिजत वर्षानुवर्षे चालते. हा आक्षेप वारसाप्रेमींनी भावनेच्या भाषेत न मांडता या भाषेत मांडला असता, तर वाद केव्हाच पुढे गेला असता.

पण म्हणून हातचावीच राखा, हा निष्कर्ष निघतो का? आपल्या भागातली वस्तुस्थिती पाहा. चर्चचे मनोरे, जुन्या संस्थानी इमारती, पालिकांच्या इमारती: पिढ्यान्‌पिढ्या चावी देणारे घराणे आज किती ठिकाणी उरले आहे? म्हातारा माणूस गेला, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, आणि किल्ली कचेरीतल्या खणात पडून राहिली. थांबलेल्या यंत्रात बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्याची दमट हवा चार महिने शिरते. पोलादी पिनियनवर, म्हणजे छोट्या दातेरी चाकांवर, गंज चढतो, दोरीचे आतले पदर सडतात. काही वर्षांनी सुशोभीकरणाचा निधी येतो आणि निविदा निघते ती तिसऱ्या कामाची. म्हणजे बहुतेक ठिकाणी निवड हातचावी की मोटरचावी अशी नाहीच. मूळ यंत्र मोटरीच्या आधाराने चालू ठेवायचे, की ते काढून डायलमागे चार मोटरी लावायच्या, अशी ती आहे. हे ओळखले नाही, तर वारशाच्या नावाने दिलेला नकार प्रत्यक्षात भंगारवाल्याच्या पथ्यावर पडतो.

दुसरा आक्षेप मूळपणाचा. देवळात आरतीला यंत्राचा नगारा आला आणि वाजवणारे हात गेले, तसेच इथे होईल, असे म्हणतात. नगाऱ्याबद्दलचे दुःख खरे आहे. यंत्राने तिथे लयच बळकावली. माणूस थोडा दमतो, थोडा रंगात येतो, ते सारे गेले. पण घड्याळाची लय माणसाच्या हातात कधी होतीच कुठे? ती लंबकात आहे, चाक एकेक दात्याने सोडणाऱ्या एस्केपमेंटच्या दात्यांत आहे. टोला पडतो तो जुन्याच चाकावरच्या खुंटीने जुना हातोडा उचलून सोडल्यामुळे. विहिरीवरची मोट जाऊन पंप आला, तरी पाणी त्याच विहिरीचे राहिले.

शिवाय मूळ म्हणजे नेमके केव्हाचे? भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. बेळगावचा रेखांश साधारण ७४.५ अंश आणि प्रमाणवेळेचा ८२.५. आठ अंशांचा हा फरक ३२ मिनिटांचा होतो. मुंबईने तर आपली स्थानिक वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. १९०६ पूर्वीचे कोणतेही मनोरा-घड्याळ आज दाखवते ती वेळ दाखवण्यासाठी घडवलेलेच नव्हते. काटे पुढे केले म्हणून कोणी ते घड्याळ भ्रष्ट मानले नाही. तागाच्या दोराऐवजी तारेची दोरी आली, डायलमागच्या दिव्याऐवजी बल्ब आला, प्राणिज तेल जाऊन खनिज तेल आले. बदल होतात. कोणता बदल परत फिरवता येतो आणि कोणता नाही, हे पाहायचे असते.

परत न फिरणाऱ्या बदलाची किंमत इंग्लंडमधल्या सॉल्सबरी कॅथीड्रलच्या घड्याळाने दाखवून दिली आहे. परंपरेने १३८६ चे मानले जाणारे हे यंत्र. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ बनवले आणि पुढच्या काही दशकांत युरोपभरच्या जुन्या घड्याळांना लंबक बसले. सॉल्सबरीतही तेच झाले, आणि तिथला जुना आडवा झुलता दांडा गेला. १९५६ मध्ये ते यंत्र मूळ रूपात आणायचे ठरले, तेव्हा गेलेला भाग अंदाजाने नव्याने घडवावा लागला. लंबक लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. घड्याळ त्यामुळे कितीतरी अचूक झाले. त्यांनी जुने भाग जपून मनोऱ्यातच ठेवले असते, तर एवढी पंचाईत झाली नसती. म्हणून मूळ वजने, दोऱ्या, कप्प्या, दांडा हे सारे नावाच्या पत्र्यासह मनोऱ्यातच राहिले पाहिजे, आणि नवे सगळे नट-बोल्ट सोडले की निघाले पाहिजे. बिडाच्या चौकटीला वेल्डिंग तर मुळीच नको. आपल्याकडे कुठलीही अडचण वेल्डिंगने सोडवायची सवय आहे, पण जुने बीड असमान तापले की सांध्याशेजारी तडकते आणि चौकटीची बेअरिंगे एका रेषेत राहत नाहीत. पट्ट्यांचे क्लॅम्प करावेत, त्यांच्याखाली फायबरचा तुकडा द्यावा. बेळगावच्या उद्यमबागेत असे क्लॅम्प आणि स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाके) बिनचूक करून देणारी वर्कशॉप आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये सायकलचे दुकान थाटले ते याच गावात, तेव्हा इथे कसबाची वाण नाही. फक्त त्या कारागिराला बजावून सांगायला हवे की जुन्या गनमेटलच्या बुशच्या जागी बॉल बेअरिंग ठोकू नकोस आणि जुन्या चाकांचे दाते साफ करायच्या नावाखाली पुन्हा कापू नकोस.

मोटर कशी बसवायची, याचा उत्तम मार्ग त्याच हायगेन्सने दाखवून ठेवला आहे. एक बंद चेन दोन स्प्रॉकेटवरून जाते, एक घड्याळाच्या दांड्यावर, दुसरे मोटरीच्या. मधल्या झोळात फिरत्या कप्पीला छोटे वजन टांगतात. वजन खाली आले की स्विच दाबला जातो, मोटर चेन ओढते आणि वजन वर येते. घड्याळाकडच्या पदरावरचा ताण या वेळीही तेवढाच राहतो, त्यामुळे चावी चालू असतानाही घड्याळ अडखळत नाही. हाताने चावी देताना, चाल टिकवणारी वेगळी सोय नसेल तर, तेवढा वेळ यंत्राला जोर मिळत नाही आणि सेकंद गळतात.

यात सर्वांत जास्त चुका होतात त्या वजनाच्या हिशेबात. वरच्या उदाहरणातले १०० किलोचे वजन एका फिरत्या कप्पीवर असेल, तर दोरीला ताण ५० किलोचा. ड्रमची त्रिज्या १५ सेंटिमीटर असेल, तर ड्रमवर साडेसात किलोग्रॅम-मीटरचा पीळ. चेन जर पुढच्या दांड्यावर लावली आणि ९६ दात्यांचे चाक १२ दात्यांच्या पिनियनला फिरवत असेल, तर तिथे लागणारा पीळ आठवा भाग. साडेसात सेंटिमीटर त्रिज्येच्या स्प्रॉकेटवर तो १२.५ किलो ताणाइतका होतो, आणि झोळात वजन टांगायचे ते २५ किलो. चाकांच्या एका जोडीचे घर्षण वगळले गेल्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमीच पुरते. बसवणारा मात्र बहुधा 'अडायला नको' म्हणून ३५ किलो टांगतो. मग लंबकाचा झोका वाढतो, दाते अडवणाऱ्या पॅलेटच्या तोंडांवर खळगे पडतात, आणि एस्केपमेंट डेडबीट, म्हणजे चाकाला मागे न ढकलणारे, असेल तर घड्याळ मागे पडू लागते, मागे ढकलणारे जुने असेल तर पुढे पळते. मग लंबकाचा नट फिरवून ती चूक झाकली जाते. म्हणून मोटर लावण्यापूर्वी लंबकाच्या टोकामागे कागदी पट्टी चिकटवून झोक्याची रुंदी नोंदवावी, आणि नंतर ती तेवढीच भरेपर्यंत वजन कमी करत आणावे. चेनची ओढ कोणत्या दिशेने आहे, हेही पाहावे. दोरी ज्या बाजूने दांडा ओढत होती तिच्या उलट बाजूने चेन ओढू लागली, तर शंभर वर्षे न झिजलेली बुशची बाजू झिजू लागते आणि दाते वेगळ्या खोलीवर अडकतात. जुलैच्या वाऱ्यात काटे अडतात म्हणून वजन वाढवा, असाही आग्रह होतो. अशा वेळी काट्यांचा समतोल आणि डायलमागचे सांधे तपासावेत, दोष तिथे असतो.

आपल्या भागात लाईट जाणे हा स्वतंत्र विषय आहे. वरच्या हिशेबातले छोटे वजन तासाला सुमारे २१ सेंटिमीटर उतरते. सहा तास वीज नसेल तर सव्वा मीटर उतार लागतो. खानापूरकडे पावसाळ्यात झाड पडून दिवसभर तार तुटलेली राहिली, तर पाच मीटर. एवढी जागा सगळीकडे नसते. म्हणून मोटर १२ व्होल्टची आणि बॅटरीवर असावी. चालीच्या बाजूला दिवसाला एका वॉट-तासाचा तिसरा हिस्सा लागतो. नव्वद टक्के वाया गेले तरी साडेतीन. सात अँपिअर-तासांची लहान बॅटरी यावर दहा-पंधरा दिवस सहज काढते. पण नियंत्रकाची पेटी स्वतःच सतत एक वॅट खात असेल, तर दिवसाला २४ वॉट-तास तीच गिळते आणि बॅटरी तीन दिवसांत बसते. म्हणून साधा यांत्रिक स्विच उत्तम. एकाच स्विचवर मात्र विसंबू नये. तो धुळीने चिकटला तर मोटर वजनाला स्प्रॉकेटपर्यंत खेचते आणि चेन तुटते. वर दुसरा थांबवणारा स्विच हवा, आणि नेहमीपेक्षा दुप्पट वेळ मोटर फिरली तर वीज तोडणारा टायमर हवा. गिअर वर्मचा असावा, म्हणजे वीज गेल्यावर वजन मोटरीला उलटे फिरवत नाही. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या विजा कडाडतात, तेव्हा उंच मनोऱ्यावरचा चार्जर आधी जळतो. त्याला सर्ज संरक्षण आणि चांगले अर्थिंग नसेल तर दरवर्षी नवा घ्यावा लागतो.

आता टोल्यांना आधी मोटर का, याचे उत्तर. धोका तिथे जास्त आहे. लंडनच्या बिग बेनच्या घड्याळात ५ ऑगस्ट १९७६ च्या पहाटे पाव-तासांच्या टोल्यांचा वेग आवरणाऱ्या पंख्याचा दांडा धातूच्या थकव्याने तुटला. टनभराहून जड वजन सुसाट खाली आले, ड्रम भिरभिरला, आणि यंत्राचे तुकडे खोलीभर उडाले. हे मोटरीमुळे झाले नव्हते, हातचावीने टळलेही नसते. भरपूर साठवलेली ऊर्जा आणि तिला आवरणारा एकच भाग, ही रचनाच धोक्याची. आपल्या उदाहरणातले २०० किलो १२ मीटरवर टांगलेले असताना २३,५०० ज्यूल धरून असते. म्हणून जुने लोक खाली वाळूची पेटी ठेवत. दिवसाचे १५६ ठोके धरले तर एका ठोक्याला १९ ज्यूल पुरतात. बाराच्या टोल्यांना सव्वादोनशे. मोटर वरचेवर वजन उचलत असेल, तर ५० किलोचे वजन दोन मीटर उतरले तरी चारदा बारा वाजवता येतात, आणि साठा राहतो हजार ज्यूलच्या आत. चावी देणाऱ्याच्या मनगटालाही खरा झटका याच बाजूला बसतो. दांडा उलटा फिरू न देणाऱ्या रॅचेटचा खटका निसटला तर दांडा उलटा फिरून हाड मोडतो. पन्नाशीतल्या माणसाला दर आठवड्याला दोन क्विंटल उचलायला लावण्यात कोणता वारसा जपला जातो?

चालीच्या बाजूचे गणित वेगळे. १०० किलो उचलायला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, आणि ते करायला कोणीतरी वर गेलेच पाहिजे. तो गेला नाही तर घड्याळ थांबते आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला कळते. देखरेखीचा याहून खात्रीचा इशारा कुठल्याही सेन्सरने मिळत नाही. बिग बेनमध्येही टोल्यांच्या दोन्ही बाजूंना मोटर आली, चालीची चावी मात्र आठवड्यातून तीनदा हातानेच दिली जाते. तसे पाहिले तर लंबकाला माणूस लागतोच. पोलादी दांड्याचा लंबक दहा अंश तापमान वाढले की दिवसाला पाच सेकंद मागे पडतो. मे महिन्यात जुळवलेले घड्याळ जुलैत पुढे पळते. बिग बेनच्या लंबकावर जुन्या पेन्या ठेवून हेच जुळवतात, एका पेनीला दिवसाचे ०.४ सेकंद.

पगाराचा प्रश्न उरतो. मोटर आल्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसाचे मानधन बंद करणे ही सर्वांत महाग काटकसर आहे. त्याचे श्रम कमी झाले, जबाबदारी नाही. अंदाजपत्रकात मोटरीची रक्कम आणि त्याचे मानधन एकाच ठरावात मंजूर व्हावे, वेगवेगळे नको. वेगळे ठेवले की दुसरा ठराव पुढच्या सभेवर जातो आणि तिथेच राहतो.

आणि जिथे चढायला खरोखर कोणीच नाही, तिथे दोन्ही बाजूंना मोटर लावावी. पण चालीच्या मोटरीला असा टायमर जोडावा, की दहा दिवसांत कोणी वर जाऊन तो हाताने पुन्हा लावला नाही, तर चावी देणे थांबेल आणि घड्याळही थांबेल. वर गेलेल्या माणसाने टायमर लावण्यापूर्वी वहीत नोंदवायचे ते एवढेच: लंबकाच्या झोक्याची रुंदी, घड्याळ किती सेकंद मागे की पुढे, चेन आणि दोरीची अवस्था, आणि चार्जर काढून थोड्या वेळाने मोजलेला बॅटरीचा व्होल्टेज. तो १२.४ च्या खाली असेल, तर पावसाळा लागण्यापूर्वी बॅटरी बदलायची.